मी रंगवलेला दगड

हसणार तर आहातच, मग चहा खाली ठेवून हसा. असा घोळ माझ्याशिवाय कोणाला जमायचा नाही!

सुकापूरजवळ नव्या टॉवरांच्या बागेचं काम चालू होतं. मी तिथे माती ओढायला लागले. माझा स्वभाव कसा, तर सतत धास्ती. माझी लेक ओवी रांगायला लागली तेव्हा मी टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या होत्या! साइटवरही तेच. "फावडं उताणं ठेवू नका! फरशी उचलताना गुडघ्यात बसा! बूट घाला!" शेवटी साहेबांनी मलाच सेफ्टीचं काम दिलं. हिरवं जाकीट, गळ्यात शिट्टी! सातवी शिकलेल्या बाईला!

नवरा म्हणाला, "चला, घरी फुकट ओरडायचीस, आता पगार घेऊन ओरड."

बूट घालायला मात्र कोणी तयार नाही. मग एक दिवस बुध्याच्या पायावर फरशी पडली. पोरगा नुकतंच लग्न झालेला. त्याला तेवढे त्या दिवशी मीच मागे लागून बूट घालायला लावले होते, म्हणून बोटं वाचली. तेव्हापासून सगळे बुटात! मला केवढा अभिमान!

आता दगडाचं ऐका. वाटेच्या कडेला एक दगड वर आलेला. येणारा-जाणारा ठेचकाळायचा, हातगाडी अडायची. खाली सगळा खडक, काढता येईना. म्हटलं, निदान दिसू दे तरी! झोपाळ्यांचा उरलेला रंग संध्याकाळी त्याला फासला नि घरी गेले.

रंग कोणता? शेंदरी! तुमच्या लगेच लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

त्याच रात्री ओवीला ताप. काही दिवस कामावर गेलेच नाही. परत आले तर वाटेवर बांबूवर पत्रा टाकलेला, खाली झेंडूच्या माळांचा ढीग, अगरबत्त्या. आणि बाहेर रांगेने बूट. सगळ्यांचे बूट!

"बाळारामदादा, हे काय?"

बाळारामदादा आमचे मुकादम, इथलेच. हात जोडून म्हणाले, "देवी परगटली गो! रातीत शेंदूर चढला. कुनी लावला, कुनालाच ठावं नाय."

आता मला कळायला नको? पण फुलांत दगड दिसत होता कुठे! आणि डोक्यात ओवीचा ताप. मीसुद्धा बूट काढले. "आई, माझ्या लेकीला पुन्हा ताप येऊ देऊ नको, तुला नारळ वाहीन." डोकं टेकवलं, तर नाकात ऑइल पेंटचा वास! माळा बाजूला केल्या. मागे माझा विसरलेला ब्रश चिकटून बसलेला!

मी माझ्याच दगडाला नवस बोलले होते हो!

तेवढ्यात "आई गं!" बघते तर बुध्या एका पायावर नाचतोय. फोडलेल्या नारळाची करवंटी तळपायात घुसलेली. वाचवलेला तोच पाय! रक्त बघून मलाच रडू फुटलं.

"ताई, तुम्ही नका रडू, लागलंय मला," तो म्हणाला.

पाय धुऊन पट्टी बांधली नि सगळ्यांना गोळा केलं. "ऐका रे! देवी-बिवी काही नाही. मीच रंगवलाय दगड. हा बघा ब्रश!"

 बाळारामदादांनी ब्रश हातात घेतला आणि कपाळाला लावला! "तुज्याच हातून करून घेतलं तिनं. भाग्याची हाईस गो!" दोघी जणी तर माझ्याच पाया पडायला वाकल्या!

घ्या! आता यांना काय सांगणार? पण मग माझंही डोकं चाललं. जोरात शिट्टी मारली.

"बरं तर! मग देवीने मलाच सांगितलंय. ज्याच्या पायात बूट नाहीत त्याचा नमस्कार ती घेणार नाही. आणि नारळ गेटाबाहेर फोडायचा!"

"अशी बोलली?"

"अगदी अशीच."

"मंग बगता काय? घाला रं बूट!"

त्या दिवसापासून कोणाच्या पायाला साधं खरचटलं नाही. साहेब विचारतात, "ताई, आमचं कोणी ऐकलं नाही, तुम्ही काय जादू केलीत?" मी नुसती जाकीट सरळ करते.

ओवीचा ताप काही परत आला नाही. नवस तो नवस! गेटाबाहेर नारळ फोडला, दोन्ही वाट्या घेऊन दगडापाशी गेले, भक्तीने डोळे मिटले...

मागून सगळी गँग एकदम ओरडली. सगळ्यात मोठा आवाज बुध्याचा.

"ओ सेफ्टीताई! बूट कुठे काढून आलात?"