अडकलेल्या श्वासाला वाट देणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंच्या सोलापुरातल्या उपचारकेंद्रात मी पहिल्यांदा गेले, ती दारातच थबकले. मी अकलूजच्या शाळेतली शिक्षिका. आदल्या हंगामात रस्त्यात उसाची ट्रॉली कलंडली आणि मी स्कूटरसकट मोळ्यांखाली गेले. मोडलेलं हाड जुळलं; पण ट्रॅक्टरचा आवाज आला की श्वास अडकायचा, छाती धडधडायची. हृदयाच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. इथे मनावरच्या आघातावर शरीरामार्फत उपचार करतात, म्हणजे अंगाला हात लावतील, सगळं पुन्हा बोलायला लावतील, अशी मला धास्ती होती.

ताई उठून पुढे आल्या. “दार उघडंच ठेवू. अपघाताचं आज काही सांगू नका. हात लावायची गरज पडली तर आधी विचारेन. तुम्ही नको म्हणालात की नाही लावणार.”

पाय जमिनीला कुठे टेकलेत, एवढंच त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने माझ्या मांड्या थरथरू लागल्या. झटका येतोय की काय, म्हणून मी घाबरले. ताईंनी शांतपणे खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहायला सांगितलं. थरथर आपोआप ओसरली. घरी गेल्यावर झोप उडेल, काही दिवस आणखी जड जातील, हेही त्यांनी सांगून ठेवलं. तसंच झालं. डॉक्टरांनी मला दिलेल्या गोळ्या मात्र त्यांनी परस्पर बंद करू दिल्या नाहीत. आजही ट्रॉलीजवळून जाताना माझे हात हँडलवर घट्ट होतात, पण मी जाते.

पुढे मी ताईंकडेच ही उपचारपद्धती शिकले. एकदा श्रीपूरच्या ऊसतोड टोळीतल्या रुक्मिणीबाई आल्या. कोपी, म्हणजे त्यांची पाचटाची झोपडी, जळाल्यापासून त्यांना चूल पेटवता येत नव्हती. टोळी हलणार होती.

“ताई, आजच समदं काढून टाका की. परत कुटं येनार मी?”

“आज तुम्हाला झेपेल तेवढंच,” ताई म्हणाल्या. “पुढचं तुमच्या मुक्कामावर येऊन करू.”

आणि त्या खरोखर जात राहिल्या. रुक्मिणीबाई काडी ओढायच्या, दचकून मागे सरायच्या. ताई त्यांना लांब नेऊन बसवायच्या, श्वास स्थिरावू द्यायच्या. मी जीव मुठीत धरून पाहायचे. हंगाम सरता सरता चूल पेटली. ताईंनी तिथेच बसून कोरा चहा घेतला.

ताई यंदा वयाची साठ वर्षं पूर्ण करत आहेत. हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागते. विचारलं तर हसून टाळतात. शेवटी गेल्या आठवड्यात मीच त्यांना तपासणीला नेलं. अहवाल अजून हाती आलेला नाही. त्या काळजीतच हे लिहिते आहे.

ताई, अनेकांना स्वतःच्या शरीराचं ऐकायला तुम्ही शिकवलंत. आता तुमचंही ऐका. तुम्हाला भरपूर आणि धडधाकट आयुष्य मिळो, आणि त्यात थोडी विश्रांती तुम्ही खरोखरच घ्यावी.