हडपसरहून आणलेला लॅपटॉप

गेल्या शनिवारी हडपसरला गेले होते. ऑफिसचा एक लॅपटॉप आणायला... आमच्या टीममधल्या निखिलचा.

निखिल मागच्या महिन्यात गेला. हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग नेहमीच्या वेळेला सुरू झाली. मीही होते त्यात.

आमची कंपनी पूर्ण वर्क फ्रॉम होम. ऑफिस नावाची जागाच नाही, माणसं गावोगावी पसरलेली. पुण्यात आम्ही दोघंच, मी कोथरूडला आणि तो हडपसरला. एकदा भेटू, कॉफी घेऊ, असं इतक्या वेळा ठरलं की ठरवणं हाच आमचा कार्यक्रम होता. कोथरूडच्या माणसाला हडपसर म्हणजे परगाव, आणि हडपसरच्या माणसाला कोथरूडमध्ये पार्किंग मिळत नाही... त्यामुळे राहिलंच. कॅमेरा आमच्यात कुणी लावत नाही. इतकी वर्षं मला त्याचा फक्त आवाज माहीत होता.

लॅपटॉप न्यायला कंपनीने आधी कुरिअरवाला पाठवला होता. निखिलच्या आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याच्याबरोबर काम करणारं माणूस येऊ दे, त्याच्याच हातात देईन, म्हणाल्या. मग एचआरचा मला फोन... तुम्ही पुण्यातच आहात ना? खरं सांगते, मला जायचं नव्हतं. अशा घरात जाऊन काय बोलायचं ते मला कधीच कळत नाही.

जुन्या गावठाणातलं दुमजली घर. काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, "नमस्कार, मी निखिलच्या ऑफिसमधून..."

"तू अश्विनी ना गं? आवाज वळखला मी."

मी चपला काढून आत गेले. नंतर कळलं ते असं, की हेडफोनने कान दुखतात म्हणून निखिल बऱ्याचदा मीटिंग स्पीकरवर ठेवायचा. बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसणाऱ्या काकूंना आम्ही सगळे आवाजाने पाठ होतो. कोण सारखं खोकतं, कुणाचं बाळ रडतं, कोण सगळ्यात जास्त बोलतं... (ती मी.)

मीटिंग चालू असेपर्यंत घरात मिक्सर नाही, कुकर नाही, टीव्ही तर नाहीच. चहाचा कप त्याच्या खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा आणि हळूच कडी वाजवायची. "अजून बी सकाळचं मिक्सर लावाया हात धजत न्हाई," काकू म्हणाल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकू, तो घरी तुमच्याजवळ होता, एवढं तरी बरं. आम्हाला हेवा वाटायचा त्याचा."

काकू म्हणाल्या, "घरात व्हता गं. पर दार लावलेलं. सकाळपासनं रातीपत्तुर तुमच्यासंगंच असायचा. मला वाटायचं, तिकडं जिवाभावाची मानसं हायती पोराला."

मला काय वाटलं ते कसं लिहू... आम्हाला वाटायचं तो घरच्यांत आहे. घरच्यांना वाटायचं तो आमच्यात आहे. आणि निखिल त्या बंद खोलीत सगळा दिवस एकटा असायचा. मीही तशीच असते, हे तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं.

मग काकूंनी ते विचारलं, ज्याच्यासाठी त्यांनी कुरिअरवाल्याला परत पाठवलं होतं.

"एकदा लई हसला व्हता तो, दिवाळीच्या आधी. इतका, की मी पिठाचे हात घेऊन तशीच दारात गेले. काय झालं रं, म्हनलं. तर हातानंच खुणावलं, नंतर सांगतो म्हनून. मग ऱ्हाऊनच गेलं बघ... तुला ठावं हाय का, कशाला हसला व्हता?"

ठाऊक होतं. त्या हसण्याचं कारण मीच होते.

परदेशातल्या क्लायंटला मी आमचं नवंकोरं सॉफ्टवेअर दाखवत होते. इंग्रजी अगदी कडक इस्त्रीचं. आणि नेमका माझ्या खिडकीखाली भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला... लाऊडस्पीकरवर चालू, "जुनं, मोडकं, बंद पडलेलं, काहीही द्या!" क्लायंटने विचारलं, ही कसली घोषणा? सगळे चिडीचूप. आणि निखिल अतिशय गंभीरपणे म्हणाला, काही नाही, स्थानिक खरेदीदार आहेत, भाव करायला आलेत. एवढं बोलून म्यूट करायचं विसरला आणि स्वतःच हसत सुटला.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. टेम्पोवाल्याचा आवाज काढून, माझी झालेली फजिती दाखवून, जमेल तसं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग पदर तोंडाशी नेऊन हसल्या, अगदी थोडंसं.

"असा बोलायचा व्हय तुमच्यात," म्हणाल्या.

लॅपटॉप त्यांनी एका धुतलेल्या पिशवीत घालून ठेवला होता. तो घेऊन मी दारापर्यंत आले, तेव्हा मागून म्हणाल्या, "परत एकदा सांग गं. त्यो काय म्हनला, तिथनं."

मी पिशवी खाली ठेवली, बसले आणि पुन्हा सांगितलं.

त्या भंगारवाल्याला तेव्हा मी मनातल्या मनात काय काय बोलले होते... आज त्याचे आभार मानते. इतकी वर्षं निखिलशी रोज बोलत होते, आणि त्याच्या आईला देण्यासारखी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.