उष्टी शिट्टी

सेक्रेटरींनी माझ्या हातातली शिट्टी दोरीला धरून उचलली, मेलेला उंदीर उचलतात तशी, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. वीस मुली बघत होत्या. त्यांचे आईबापही.

मग म्हणाले, "पहले बता देतीं. छह महीने से यही सीटी मुँह में ले रहा हूँ."

लखनऊ छावणीच्या कडेला त्यांची खासगी फुटबॉल अकादमी. मी तिथं कोच. बारा वर्षं वेगवेगळ्या क्लबांत पगारावर बचावफळीत स्टॉपर म्हणून खेळले. गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं आणि खेळ संपला. खेळत होते तेव्हा दुसऱ्याच्या शिट्टीवर धावायचे, दुसऱ्याच्या शिट्टीवर थांबायचे. कोच झाले आणि शिट्टी माझ्या तोंडात आली. ती पहिल्यांदा गळ्यात घातली त्या दिवशी लखनऊतल्याच मानक नगरच्या आमच्या घरी आरशासमोर उभी राहून रडले होते.

अकादमीत चांगली शिट्टी एकच. रविवारी पालक जमले की सेक्रेटरी ती माझ्याकडून मागून घ्यायचे आणि सामना स्वतः चालवायचे. त्यांना ऑफसाइड कळत नव्हता. पण माझी उष्टी शिट्टी न पुसता तोंडात घालायचे आणि तशीच परत द्यायचे.

कारण माझं आडनाव. आमच्या मराठी आडनावांवरून लखनऊत कुणाला जात उमगत नाही. पहिल्याच दिवशी ते खूश होऊन म्हणाले होते, "अच्छा, महाराष्ट्र से! आप तो मराठा हुईं, तलवार वाली." मी नुसती हसले. नाही म्हणाले नाही. नोकरी हवी होती. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग भीमजयंती आली. मिरवणुकीत मी निळा झेंडा घेऊन नाचले. कुणीतरी व्हिडिओ टाकला, तो सेक्रेटरींपर्यंत गेला. पुढच्याच रविवारी हे झालं.

मी डब्यात हात घातला. केळ्याच्या साली, घामट पट्ट्या. शिट्टी बोटांना लागली तेवढ्यात त्यांनी डब्याला लाथ मारली. पत्र्याची धार माझ्या मनगटात घुसली. रक्त बघून माझं डोकं फिरलं. बारा वर्षं ज्या खांद्यानं स्ट्रायकर आडव्या केल्या, तोच त्यांच्या छातीत घातला. ते गोलपोस्टवर आदळले. नाक फुटलं. माझ्या गुडघ्यातून कळ गेली, तरी मी सोडलं नाही. कोपर त्यांच्या गळ्यावर रोवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांना मारूनच टाकायचं होतं.

दोन बापांनी केस धरून मला मागं ओढलं. एकानं पोटात लाथ घातली. मी मुठीतली शिट्टी तोंडात घातली, केळं चिकटलेली, रक्तानं माखलेली, आणि सेक्रेटरींच्या तोंडावर फुंकली. श्वास संपेपर्यंत.

नोकरी गेली. पोलीस ठाणं झालं. घरी बाबांनी मनगटाला पट्टी बांधली. ते रेल्वेतून रिटायर झालेले, साहेबांसमोर कधी आवाज न चढवलेले. मला वाटलं, चिडतील. त्यांनी वर न बघता एवढंच विचारलं, "पहिल्याच दिवशी काऊन नाई सांगितलं, पोरी?"

पोटातल्या लाथेपेक्षा ते जास्त लागलं.

आता मी आमच्या कॉलनीतल्या मैदानावर शिकवते. अकादमीतल्या नऊ मुली माझ्याकडे आल्या. शिट्टी तीच आहे. मी परत केली नाही, करणारही नाही. नवी मुलगी आली की तिच्या आईबापांना मी आधी माझी जात सांगते. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कुणी पुन्हा या शिट्टीला हात लावलाच, तर माझा खांदा अजून शाबूत आहे.

जात सांगून झाली की मी शिट्टी वाजवते. ज्याला पळायचं असेल त्यानं पळावं.