शहर पूर्ण झालं की जाऊ

सीरिअलचं खोकं रिकामं झालं की नंदूकाका पुठ्ठ्यावर टिचकी मारतात. आवाज आवडला तर ठेवून घेतात. डेंटिस्टच्या खुर्चीत आडवे असतानाही समोरच्या खिडकीची उंची अंगठ्याने मोजतात. टूथपिक कधीच दातांसाठी वापरत नाहीत. फिरायला गेलं की बँकेच्या कोपऱ्याशी थांबून म्हणतात, "इथे डावीकडे सांता मारिया."

आमच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये असं चर्च नाही. ते स्पेनमधल्या कासेरेसमध्ये आहे. आणि काकांच्या बेसमेंटमध्ये.

काका पूल बांधायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी पिंगपाँगच्या टेबलावर ते जुनं शहर उभं करायला घेतलं. चर्चेस, सरदारांचे वाडे, प्रत्येक दारावर घराण्याचं तांदळाएवढं चिन्ह. मी साहित्याची एम.ए. मला वाटायचं, काकांचं तारुण्य तिथेच गेलं असणार. बहुधा एखादं दुःखही असणार. एकदा धीर करून विचारलं, "तिथे किती वर्षं होतात?"

"मी कुठे गेलोय?" काका म्हणाले.

मी शोभाकाकूंकडे बघितलं.

"नऊ वर्षं ऐकतेय," काकू म्हणाल्या. "शहर पूर्ण झालं की जाऊ. आणि दर वर्षी एक नवा सरदार राहायला येतो."

"ज्ञानदा, सगळं पाठ झाल्याशिवाय जायचं, म्हणजे नुसतं टूरिस्ट होणं," काकांनी मला समजावलं.

या वर्षी काकूंनी शक्कल लढवली. गणपतीला आरास कासेरेसची, असं चाळीस जणांना कळवून टाकलं. बाप्पाची तारीख पुढे ढकलता येत नाही.

काका रोज पहाटे उठून कामाला लागले. शेवटी एकच बुरूज उरला, करकोच्यांचा. काका सांगतात, राणीने सरदारांचे बुरूज कापायला लावले, पण एका इमानी सरदाराचा हा बुरूज सोडला. आदल्या दिवशी हॉलमध्ये शहर मांडलं, मागे मूर्ती ठेवली. बुरूज गणपतीपेक्षा चार इंच उंच.

"देवापेक्षा उंच चालणार नाही," काकू म्हणाल्या. "कापा."

"राणीनेसुद्धा कापला नाही."

"राणीकडे उद्या चाळीस माणसं जेवायला नव्हती."

काकांनी कटर उचलला. "कापतो. पण मग शहर अपूर्ण राहणार. मग जाण्यात काही अर्थ नाही." इतकं समाधानी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काकूंनी काकांच्या हातातून कटर काढून घेतला. किचनमधून कुकरचं रिकामं खोकं आणलं, त्यावर जुनी पैठणी घातली आणि मूर्ती उचलून वर ठेवली. आता बाप्पा बुरजाच्याही वर.

"झालं शहर पूर्ण," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरची तिकिटं काढते."

"ऑक्टोबरमध्ये बरेच करकोचे आफ्रिकेला गेलेले असतात."

"मग घरटी बघू."

काल मी दोघांना ओ'हेअर विमानतळावर सोडलं. काकू पुढे बसल्या होत्या. काका मागे, मांडीवर मोजपट्टी.

आज त्यांच्या घरी तुळशीला पाणी घालायला गेले आणि बेसमेंटमध्ये डोकावले. शहर परत टेबलावर होतं. बुरजावरच्या करकोच्याला चोच नव्हती. आरतीच्या वेळी होती, मी माझ्या फोनवरचा फोटो उघडून खात्री केली. शेजारी लाल रंगवलेली टूथपिक, गोंदाची उघडी बाटली, आणि काकांच्या अक्षरात चिठ्ठी:

"चोच – प्रत्यक्ष माप घेऊन बसवणे."