आत वळलेली पावलं

समाधान दवाखान्यातून आला तो मोटारसायकल उभी करून घरात न जाता गोठ्यात शिरला. तोताराम आबा गोऱ्ह्याला कडबा टाकत होते. समाधान गव्हाणीच्या कडेवर टेकला आणि मुलगा झाल्याचं खाली मान घालून सांगू लागला, "पोऱ्या व्हयना आबा. पन पाय तुमना सारखा शेतस."

आबांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

आबा म्हणजे समाधानच्या आजोबांचे धाकटे भाऊ. पंचाहत्तरी ओलांडलेला, बिनलग्नाचा माणूस. जन्मापासून त्यांची दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. ते पावलांच्या बाहेरच्या कडांवर चालत. त्या कडांना खुरासारखे घट्टे पडले होते. बाजारातली चप्पल त्यांना कधी आली नाही. धरणगावचा एक मोची त्यांच्या मापाचे गोल बूट शिवून देई. लांब चालणं जमत नसे म्हणून ते जनावरांत रमले. गोऱ्हे गाडीला शिकवावेत तर आबांनीच, असं पंचक्रोशीत म्हणत. एखादं वासरू पाय दुमडलेलं जन्मलं की लोक त्यांना बोलावत. आबा बांबूच्या कामट्या लावून, धोतराच्या पट्ट्यांनी बांधून, रोज चोळून चोळून तो पाय सरळ करत.

त्यांच्या आईला सगळे सांगत, की पोट आलेलं असताना तू ग्रहणात पायाची अढी घालून बसलीस. ती माउली मरेपर्यंत ते ओझं वाहत होती. आबा तरुण असताना चोपड्याकडचं एक स्थळ पाय पाहूनही तयार होतं. आबांनीच नकार दिला. "मन्हा पाय पोरेसले येतीन," एवढंच ते म्हणाले होते.

आणि आता ते पाय आलेच होते, भावाच्या घरात.

समाधानच्या बायकोला, रूपाला, आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. बाळाला घरी आणलं तेव्हा सासू सुंदरबाईने त्याला दुपट्यात पार गळ्यापर्यंत गुंडाळलं. शेजारणी बघायला यायच्या आणि त्यांची नजर दुपट्याच्या खालच्या टोकाकडे जायची. कोणी ग्रहणाचं विचारलं, कोणी म्हणालं की ही फवारलेल्या कापसात निंदायला गेली होती. समाधान तेव्हापासून फवारणीच्या पंपाकडे बघेनासा झाला. पंप त्याच्याच पाठीवर असायचा.  रूपा बाळाला पाजताना त्याची पावलं मुठीत धरून ठेवी.

आबा दोन दिवस ओसरीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गावातली आरोग्य खात्याची आशाताई घरी आली. जळगावला अशा पायांचा दवाखाना भरतो, बाळ जितकं लहान तितकं बरं, हाडं अजून कूर्चेसारखी मऊ आहेत, उशीर करू नका, असं तिने सांगितलं. सुंदरबाई कुरकुरली, की ओल्या बाळंतिणीला घराबाहेर कसं काढायचं. तेव्हा गोठ्याच्या दारातून आबा म्हणाले, "मी जास तिन्हासंगे."

जळगावच्या त्या खोलीत गर्दी होती. एका टेबलावर एक आडदांड माणूस प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवत होता. डॉक्टर तरुण होत्या, सुलक्षणा नावाच्या. त्यांनी बाळाचे पाय उघडे केले, अंगठ्याने एक हाड चाचपलं आणि विचारलं, "घरात आणखी कोणाचे पाय असे आहेत का?"

रूपाने आबांकडे पाहिलं. आबांनी हळूच एका पायातला बूट काढला.

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांनी तो पाय दोन्ही हातांत घेतला. आईच्या माघारी, माप घेणाऱ्या मोच्याखेरीज, त्या पायाला दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता.  आबा भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले.

"हे माझ्यामुळे आलं ना, बाई?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांशी बोलायचं म्हणून ते जपून शाळेतलं मराठी बोलत होते.

"कोणामुळे आलं असं बोट दाखवता येत नाही, आबा. थोडं रक्तातून येतं हे खरं. पण नुसतं रक्तातून नाही. घरात विडी-सिगारेटचा धूर असला तर धोका वाढतो. काही औषधांनी, काही आजारांनी बाळात दुसरे दोष येतात. फवारणीचं म्हणाल तर पायांच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही. तरी पोटुशी बाईने फवारलेल्या शेतात जाऊच नये, ते दुसऱ्या कारणांनी. आणि पुष्कळदा काही म्हणजे काहीच कारण सापडत नाही. ग्रहणाचा मात्र यात काही संबंध नाही."

रूपाने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

"मी लग्न केलं असतं तर?" आबांनी एवढ्या हळू विचारलं, की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं.

त्या म्हणाल्या, "तुमच्यासारख्या बापाच्या शंभर मुलांत तीन-चारांचे पाय असे निघतात. बाकीची सरळ पायांची होतात."

आबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. चोपड्याची ती मुलगी त्यांनी एकदाच पाहिली होती, तिच्या दारात, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

मग डॉक्टर जे बोलल्या ते आबांना पुढे जन्मभर पुरलं. बाळाचा पाय सरळ धरता धरता त्या म्हणाल्या, "पोटात पाऊल तयार होतं तेव्हा ते नखाएवढं असतं. आणि सुरुवातीला सगळ्यांचीच पावलं अशी आत वळलेली असतात. तुमची, माझी, सगळ्यांची. मग आतल्या आत ती हळूहळू फिरतात आणि तळवे खाली येतात. कोण फिरवतं, कसं फिरवतं, यातलं थोडंच आम्हाला कळलंय. काहींची फिरायची राहतात. तेवढं राहिलेलं आपण बाहेरून करायचं."

त्यांनी नुसत्या बोटांनी पाऊल थोडंसं बाहेर वळवलं, जोर न लावता, आणि त्या माणसाने वर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, मांडीपर्यंत. आबांचे हात आपोआप तसेच हलले. हे त्यांच्या ओळखीचं काम होतं. कामट्या नव्हत्या, एवढाच फरक. इतकी वासरं आपण उभी केली, आणि आपलं पाऊल मऊ होतं तेव्हा कोणाला हे सुचलं नाही, हा विचार त्यांच्या मनात आला. राग आला नाही. डोळे भरले, ते त्यांनी उपरण्याने पुसले.

परतीच्या गाडीला वेळ होता. रूपा जळगाव स्टँडच्या बाकावर बाळाला पदराखाली घेऊन बसली आणि आबा समोरून जाणारी पावलं बघत राहिले. केळीच्या डागांनी काळ्या पडलेल्या टाचा, कॉलेजच्या पोरींच्या सँडल, एका पोलिसाचे बूट, पैंजण घातलेल्या नवरीची मेंदीची पावलं. ही सगळी एकदा माझ्यासारखी होती, असं त्यांना वाटलं. नखाएवढी, अंधारात, आत वळलेली. आणि कोणी न बघता, कोणी न सांगता, फिरली. गावोगाव, घरोघर, जनावरांतसुद्धा. इतक्या नाजूक कामात एखाददुसरं राहून जातं याचं नवल नव्हतं. बाकीची एवढी सगळी होतात, हे नवल होतं. गाडी लागली तरी ते उठेनात. रूपाने हाक मारली, "आबा, चाला ना." तेव्हा त्यांनी नमस्कार केला, कोणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं. प्रत्येक वेळी जुनं भिजवून काढलं की आतून पाऊल थोडं जास्त उघडून बाहेर यायचं. आबा ते बघायला टेबलाला चिकटून उभे राहत. टाचेमागची शीर ताठ होती, ती डॉक्टरांनी बारीकसा छेद देऊन सैल केली. शेवटचं प्लास्टर निघालं तेव्हा बाळाचा तळवा समोर दिसला, सपाट, गुलाबी, सुरकुतलेला. आबांनी आपला खरखरीत तळहात त्याला टेकवला. तळव्याने हात दाबून धरला. आबा पुटपुटले, "बठ्ठा टेकस." सगळा टेकतो.

पोराचं नाव तेजस ठेवलं. पट्टीने जोडलेले बूट त्याला रात्री घालावे लागतात. ते घालताना तो आकांत करतो आणि एका आबांपुढेच गप्प बसतो. समाधानने घरात कोणाला विडी ओढू द्यायचं बंद केलंय. आबांचीही सुटली, कष्टाने. फवारणीच्या दिवसांत तो रूपाला शेताकडे फिरकू देत नाही. सुंदरबाई अजून ग्रहणात दार लावून घेते, पण सुनेला काही बोलत नाही.

यंदा धरणगावच्या बाजारात आबांना कळलं, की पलीकडच्या आळीत एक बाळ तसंच जन्मलंय आणि घरच्यांनी ते लपवलंय. आबा विचारत विचारत त्या घरी गेले. सोबत तेजस होता, अंगणभर कोंबड्यांमागे धावणारा. बाळाची आजी दारात आडवी उभी राहिली. आबा पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही बूट काढले.

"हाई मन्हा पाय," ते म्हणाले. मग त्यांनी धावणाऱ्या पोराकडे बोट केलं. "आनि त्याना बी असाच व्हतात. दख माय."

आजीने एकदा इकडे पाहिलं, एकदा अंगणात. बराच वेळ ती कोंबड्यांमागची ती पावलं बघत राहिली. मग तिचा आवाज खाली आला. "कोन्हं पाप शे हाई, भाऊ?"

"कोन्हंच नही. बठ्ठासना पाय पोटमा असाच ऱ्हातस," आबा म्हणाले. "तुन्हा नातूना फिराना राही गयात, इतलंच. हाडं कवळा शेतस तवलोंग जळगावले चाल. मी येस संगे."

आतून एका तरुण बाईने पडदा बाजूला केला. तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तिने सासूकडे पाहिलं नाही. आबांच्या शेजारी येऊन ती पायरीवर बसली आणि दुपट्याची खालची घडी उलगडू लागली.