कंपनीच्या जागेवर

आई गेल्यावर मी वडिलांना काळेवाडीहून आमच्या फ्लॅटवर आणलं. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी पंख्यांची कंपनी होती. वडिलांनी उभी हयात तिथे मोटरवर तांब्याची तार गुंडाळण्यात घालवली. ओळखीच्या जागेत त्यांचा जीव रमेल, असं मला वाटलं.

घरातून त्यांनी एकच वस्तू मागितली, कंपनीचा पंखा. बिडाच्या मोटरचा, इतका जड की खाली उतरवायला दोन माणसं लागली. आमच्या फ्लॅटचं छत ठेंगणं, म्हणून इलेक्ट्रिशियनने त्याची दांडी कापली.

"छताला चिकटवला. आता हवा काय मिळायची?" वडील म्हणाले.

पंखा मात्र फिरला. त्याखाली पडून ते कंपनीबद्दल बोलायचे. मालकाने पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, मग तिन्ही पाळ्यांत काम चालू लागलं. पुढे बाजारात हलके, स्वस्त पंखे आले आणि एकेक खातं बंद पडत गेलं. एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. कामगार कितीतरी महिने बाहेर मांडव घालून बसले. गेट उघडलंच नाही. मशिनरी ट्रकमधून गेली, गवत माजलं, मग आमच्या सोसायटीचे टॉवर आले.

मी चाकणला एका कारखान्यात कामाला. दिवसभर ते एकटे. हळूहळू त्यांचा गोंधळ व्हायला लागला. दुपारी शर्ट-पँट घालून ते गेटवर जायचे आणि वॉचमन मला फोन करायचा.

"मॅडम, आजोबा खाली आलेत. सोडू का?"

"नका सोडू."

शॉप फ्लोअरच्या आवाजात मला हे ओरडून सांगावं लागे. शेजारचे लोक वळून बघत.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गेट तुझ्या सांगण्यावरून बंद असतं?"

"हो. रस्ता चुकलात तर?"

"तवा आत घेत न्हवते म्हणून भांडलो आमी," ते म्हणाले. "आता बाहेर सोडत न्हाईत. भांडू कुणाशी? तुझ्याशी?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी घरीच थांबले. दुपारी ते निघाले, तेव्हा वॉचमनला म्हटलं, "जाऊ द्या." आणि अंतर ठेवून मागे चालले.

ते गेटबाहेर जाऊन उभे राहिले. समोरून डंपर, कंपन्यांच्या बसेस जात होत्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. काळेवाडीच्या घरात आता भाडेकरू होते. बराच वेळ ते तसेच उन्हात उभे होते. मग वळले आणि मला पाहून अजिबात दचकले नाहीत.

"कुठं जायचं होतं, बाबा?"

"तेच आठवत न्हाई," ते म्हणाले. "तवा बाहेर बसायला सगळे होते गं."

माझा हात धरून ते आत आले. लिफ्टमध्ये आम्ही दोघं दाराकडे बघत उभे होतो. त्यानंतर ते पुन्हा कधी एकटे खाली गेले नाहीत. वॉचमनचे फोन येणंही थांबलं. दुपारी शॉप फ्लोअरवर मी अजूनही मोबाइल काढून बघते.