राष्ट्राध्यक्षांना लगाम घालणारे दादा

जगातल्या यच्चयावत राष्ट्राध्यक्षांना कुणा एका माणसाचा धाक वाटायला हवा असेल, तर तो माझ्या बायकोच्या मावसभावाचा. दुर्दैव एवढंच, की त्यांच्यापैकी एकालाही हा माणूस ठाऊक नाही. बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहतो, ते बॉनला. मी संगणकावर पोट भरतो, आणि दादा गेली दोन तपं एकच प्रबंध लिहीत आहेत : सैन्य वापरण्याच्या राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराला कायद्यानं घातलेल्या मर्यादा. पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन आले ते याच कामासाठी. प्रबंध पुरा होत नाही याला त्यांचा आळस कारण नाही. दादा एखादं प्रकरण लिहून हातावेगळं करतात, आणि नेमका त्याच आठवड्यात कुठला तरी राष्ट्राध्यक्ष कुणालाही न विचारता कुठे तरी विमानं पाठवतो. झालं! प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक वाट बघूनबघून निवृत्त झाले. शेवटी संसारासाठी दादांनी एका कंपनीत करारांचे मसुदे तपासण्याची नोकरी धरली. "माझ्या प्रबंधाला माझ्यापेक्षा त्या लोकांनीच जास्त हात लावलाय," असं ते म्हणतात, आणि त्यात त्यांना कुठे तरी अभिमानही वाटतो असा मला दाट संशय आहे.

दादांच्या घरी जेवायला बसलं, की पहिल्या घासाबरोबर अमेरिकेची घटना सुरू होते. मिठाची बरणी म्हणजे राष्ट्राध्यक्ष, आमटीची वाटी म्हणजे काँग्रेस, तिथली संसद. "घटना लिहिणारे हुशार होते हो, जावईबापू! सैन्याचा सरसेनापती केला याला," बरणी पुढे सरकते, "पण युद्ध पुकारायचा अधिकार ठेवला हिच्याकडे," वाटी पुढे सरकते. "पुढे कायदाही केला. सैन्य पाठवलंस तर अठ्ठेचाळीस तासांत कळव, साठ दिवसांत परवानगी मिळाली नाही तर आवरतं घे. तर हे शहाणे काय म्हणतात? म्हणतात, हे युद्धच नाही! आल्झो, म्हणजे बघा, बाँब टाकले, पण युद्ध नाही!" इथे वहिनी शांतपणे काँग्रेस उचलतात आणि माझ्या भातावर ओततात. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांवर मात्र दादांचा भारी जीव. "सह्या करतो, भाषणं करतो, झाडं लावतो. त्याच्याकडे पाहिलं की कसं गार वाटतं. आणि सरकारला चार सैनिक हत्यारं घेऊन बाहेर पाठवायचे तरी संसदेपुढे उभं राहून विचारावं लागतं. ही संसदेची फौज आहे, जावईबापू, कुणा एकाची नाही." हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली येतो. मी सुरुवातीला हसायचो. पुढे पुढे हसू येईनासं झालं, कारण असा एखाद्या गोष्टीवर जीव जडलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता.

बरं, हा कायदा फक्त राष्ट्राध्यक्षांना लागू असता तर आमची तक्रार नव्हती. एका उन्हाळ्यात त्यांच्या बाल्कनीत आम्ही श्रीखंड खात होतो. इथल्या उन्हाळ्यात गोडाचं भांडं उघडलं की गांधीलमाश्या येतातच. त्यातली एक माझ्या वाटीभोवती घिरट्या घालायला लागली. मी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तर दादांनी माझं मनगट धरलं.

"हल्ला झालाय का?"

"अहो दादा, होईल ना आता!"

"होईल असं वाटणं वेगळं आणि होऊ घातलेला असणं वेगळं. याच एका फरकावर माझं चौथं प्रकरण उभं आहे."

चौथ्या प्रकरणाचा गोषवारा संपायच्या आत माशी माझ्या अंगठ्याला कडकडून डसली. दादांनी तत्काळ मनगट सोडलं. "हां, आता तुम्हाला पूर्ण अधिकार आहे," ते प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. तोवर माशी शेजारच्या बाल्कनीत, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत गेली होती, आणि तिथे माझा अधिकार चालत नव्हता.

त्यांच्या गावच्या मराठी मंडळाची नियमावलीही दादांनीच लिहिली. इथे मंडळ काढायचं तर रीतसर नियमावली लागते, आणि ती लिहायला दादांसारखा माणूस फुकट मिळतोय म्हटल्यावर सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. गणपतीच्या मिरवणुकीला तिचा पहिला फटका बसला. मूर्ती सजलेली, ढोल कमरेला बांधलेले, अध्यक्षांनी हात वर केला, आणि दादा पुढे झाले. ढोलताशा सुरू करण्याचा आदेश अध्यक्षांना एकट्याला देता येत नाही, त्याला कार्यकारिणीचं बहुमत लागतं, असं कलम निघालं. कार्यकारिणीतले दोघे गाडीला जागा शोधत गावभर फिरत होते. पुण्याच्या पथकांत वाजवलेली तगडी पोरं टिपऱ्या हवेत धरून ताटकळत राहिली. जर्मन पोलीसदादाला कुणी तरी कारण सांगितलं, तर तो मान डोलावून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करू लागला. त्या दिवशी रस्त्यावर दादांची बाजू घेणारा तो एकटाच. अखेर ते दोघे धापा टाकत आले, हात वर झाले, ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, दादांचं. शेजारच्या वृद्धाश्रमाला आवाजाचा त्रास होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनीच ताशा गळ्यात अडकवला आणि विसर्जनापर्यंत खाली ठेवला नाही.

दादांची मुलगी सई बॉनमध्येच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. तिनं शाळा संपल्यावर जर्मन सैन्याच्या वैद्यकीय पथकात नाव घातलं, तेव्हा आमच्या सगळ्या नातेवाइकांत हलकल्लोळ झाला. वहिनींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. सईनं जर्मनमधून एवढंच सांगितलं, की बाबा, तूच ना सांगायचास, ही कुणा एकाची फौज नाही म्हणून? दादांनी तिच्या नेमणुकीचा करार मागून घेतला आणि ते तो पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

आणि मग गेल्या वर्षी ती वेळ आली. दूरच्या एका देशात शस्त्रसंधी झाली होती, जिच्यावर खुद्द ती करणाऱ्यांचाही विश्वास नव्हता. तिच्यावर देखरेख करायला जर्मन तुकडी पाठवावी असा ठराव सरकारनं संसदेपुढे ठेवला. मंजूर झाला तर पहिल्या खेपेला जाणाऱ्यांत सई होती. वहिनींनी दादांपुढे हातच जोडले. "अहो, एवढी वर्षं जगाला सांगताय ना, संसदेनं अडवलं पाहिजे म्हणून? मग आता जाऊन सांगा, अडवा म्हणून!" त्यांच्या मतदारसंघाच्या खासदारबाई लोकांना भेटायला ठरावीक वेळी बसतात. दादा कोट घालून गेले, तासाभरानं परत आले. वहिनींनी विचारलं, काय बोललात? दादा म्हणाले, मी त्यांना विचारलं, ठराव पूर्ण वाचलात का, तुकडी परत बोलवायची तरतूद पाहिलीत का. "आणि सईचं?" सईचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. वहिनींनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या, आणि खरं सांगतो, मलाही दादांचा संताप आला. मी तडक त्यांना फोन लावला. म्हटलं, दादा, बाप आहात की प्रबंध? ते म्हणाले, "जावईबापू, मी सांगितलं असतं तर बाईंनी माझ्याकडे बघून मत दिलं असतं. तिथे आणखी पुष्कळ मुलं जाणार आहेत, त्यांचे बाप कोट घालून आलेले नाहीत. बाईंनी त्या सगळ्यांकडे बघून मत द्यायला हवं." फोन ठेवला आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. ज्या माणसाची आम्ही आयुष्यभर टिंगल केली, तो इतका उंच आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मतदानाच्या दिवशी ते मला म्हणाले, बर्लिनला सोबत याल का? वहिनी आल्या नाहीत. सई आपल्या तळावर होती. आम्ही संसदेच्या प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. वर काचेचा घुमट, त्यातून दुपारचं ऊन खाली सभागृहात येत होतं. सज्जात बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, उठायचं नाही, असं दारावरच सांगितलं होतं. ज्या विषयावर दादा चोवीस वर्षं बोलायचे थांबले नव्हते, तो खाली चालला होता, आणि दादा तोंडातून अक्षर काढू शकत नव्हते. भाषणं झाली. एक जण ओरडून बोलला, एक जण वाचून बोलला. मग खासदार उठले आणि मतपेट्यांकडे निघाले. अशा मतदानात प्रत्येकाच्या कार्डावर त्याचं नाव छापलेलं असतं; निळं म्हणजे हो, तांबडं म्हणजे नाही. कुणी गप्पा मारत टाकत होतं, कुणी घाईत. दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोटानं दाखवलं. त्यांच्या मतदारसंघाच्या खासदारबाई पेटीशी पोचल्या होत्या. हातात निळं कार्ड होतं. त्या थांबल्या. मागचे लोक खोळंबले, तरी त्या कार्डाकडे बघत उभ्याच राहिल्या. मग त्यांनी ते आत टाकलं आणि जागेवर न जाता सरळ बाहेर निघून गेल्या.

ठराव मंजूर झाला. संसदेच्या अध्यक्षांनी निकाल वाचला तेव्हा माझ्या शेजारी हालचाल झाली. दादा उठून उभे राहिले होते. ताठ, हात बाजूला, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे. सज्जातला रखवालदार लगबगीनं आला, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दोन पावलं अलीकडेच थांबला, आणि हातानं बसायची खूण केली. दादा बसले.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, उभे का राहिलात? दादा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर सपाट शेतं आणि पवनचक्क्या.

"आजवर नुसतं लिहीत होतो हो. कुणा एकाच्या लहरीवर कुणाचं पोर लढाईला जाऊ नये, एवढंच लिहायचं होतं. ते आज घडताना पाहिलं. इतक्या माणसांनी एकेक करून, आपापल्या नावानिशी, माझ्या मुलीला पाठवलं. असंच व्हायला हवं. याहून बरी रीत माणसाला अजून सापडलेली नाही."

मग त्यांनी चष्मा काढला. तो पुसायलाही त्यांच्याकडे रुमाल नव्हता. मी माझा दिला.

"पण घरी गेल्यावर तुमची वहिनी विचारणार, आता पोरीला सुखरूप परत कोण आणणार? कायदा सगळा पाठ आहे मला, जावईबापू. पाठवायचं कुणी, ते सगळ्या देशांच्या घटनांत लिहिलंय. हे कुठेच लिहिलेलं नाही."

बॉनला उतरलो. फलाटावर वहिनी एकट्याच उभ्या होत्या. दादा त्यांच्यापाशी गेले, आणि त्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.